एक लाख मत्स्यबीज आणि मे महिन्यातला डोह : मांजरा खोऱ्यातल्या एका बंधाऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

मांजरा नदी बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. लातूर-धाराशिवच्या भागात तिला तेरणा, तावरजा, रेणा, घरणी, तिरू अशा नद्या मिळतात. पावसाळ्यात या नद्या दोन्ही काठ धरून वाहतात आणि होळीनंतर त्यांच्या पात्रातून बैलगाडी जाते. हे प्रकरण अशाच एका उपनदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्याचं आहे. नदीचं, गावाचं आणि माणसांचं नाव गाळलं आहे आणि आकडे ढोबळ दिले आहेत. मी या कामात नोंदी ठेवण्यासाठी आणि बैठकांचा वृत्तांत लिहिण्यासाठी होतो.

पुढचं सगळं बंधाऱ्याच्या कामकाजावर अवलंबून आहे, म्हणून ते आधी सांगतो. कोल्हापुरी बंधाऱ्यात दगडी किंवा काँक्रीटचे खांब असतात आणि मधल्या गाळ्यांत लोखंडी दारं बसवतात. पावसाळ्यात दारं काढलेली असतात, म्हणजे पूर आणि गाळ दोन्ही मोकळे निघून जातात. पावसाळा सरत आला, नदीचा जोर कमी झाला, की दारं बसवून मागे पाणी अडवतात. आमच्या बंधाऱ्यामागे नोव्हेंबरात दोन-अडीच किलोमीटर लांबीचं, साधारण वीस हेक्टरचं पाणी असतं. दोन्ही काठांवर पाणी उपसायच्या मोटारी आहेत. हरभरा, ऊस आणि उन्हाळी भुईमूग यांना पाणी जातं आणि फेब्रुवारी संपेपर्यंत साठा निम्म्यावर येतो. मे महिन्यात वरच्या अंगाला खडकाखाली एक डोह उरतो, एकरभराचा, कधी त्याहून लहान. बाकी पात्र कोरडं.

या पाण्यावर दोन प्रकारच्या माणसांचा जीव आहे. पहिले भोई समाजाचे. त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे बंधाऱ्याचा ठेका आहे आणि तीसेक घरांचं पोट काही प्रमाणात त्यावर चालतं. दुसरे गळवाले. तालुक्याच्या गावातले शिक्षक, मेडिकलवाले, मोटार मेकॅनिक, निवृत्त पोस्टमन, असे वीस-पंचवीस जण. रविवारी पहाटे कणकेच्या आणि पेंडीच्या गोळ्या, गांडुळं, डबा घेऊन येतात आणि दुपारपर्यंत काठावर बसतात. संस्थेला थोडी वर्गणी देऊन त्यांनी गळ टाकायची परवानगी मिळवली होती. संबंध चांगले होते, कारण गळाला लागणारा मासा जाळ्याच्या मानाने नगण्य.

२०१८ साली राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात हा भागही होता. २०१९च्या उन्हाळ्यात डोहसुद्धा आटला. बुजुर्ग भोई सांगतात की त्यांच्या हयातीत डोहाचा तळ फार क्वचित दिसला. २०१६ साली, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा, आणि नंतर २०१९ला. २०१९च्या परतीच्या पावसात नदी वाहिली, पण त्या हिवाळ्यात गळाला चिलापीशिवाय काही लागेना. तेव्हा गळवाल्यांनी ठरवलं की आपणच मासे सोडायचे.

ऑगस्ट २०२० मध्ये वर्गणी काढून रोहू, कटला आणि मृगळ यांचं एक लाख मत्स्यबीज, म्हणजे इवली पिल्लं, आणलं. सरपंच, संस्थेचे चेअरमन, गुरुजी सगळे काठावर उभे राहिले, नारळ फुटला, पिशव्या पाण्यात रिकाम्या केल्या. त्या वर्षी दिवाळीनंतर बंधाऱ्यात एक-दीड किलोचे रोहू लागले. सगळ्यांना वाटलं, पैसे कारणी लागले. २०२१च्या ऑगस्टमध्ये मोठ्या उत्साहानं दीड लाख बीज सोडलं.

आणि त्या हिवाळ्यात काहीच मिळालं नाही.

अडचण

२०२२च्या जानेवारीत शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली तेव्हा प्रश्न मांडला गेला तो असा: दीड लाख मासे गेले कुठे? उत्तरं तयार होती आणि प्रत्येक उत्तर कुणाच्या तरी अंगावर जात होतं. गळवाल्यांपैकी काहींना वाटत होतं की भोयांनी बारीक आसेच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यानं पिल्लंच काढून वाळवून विकली. भोयांना वाटत होतं की पुरवठादारानं मोजून दिलंच नाही; पिशवीतलं बीज कोण मोजतं? एकाचं म्हणणं होतं की ग्रामपंचायतीनं दारं उशिरा बसवली. तिसऱ्या वर्षी वर्गणी काढायची की नाही, हा तातडीचा प्रश्न होता. पण खरी अडचण ही होती की वर्गणीतून काय साधलं हे सांगायला कुणाकडेच पुरावा नव्हता. किती सोडले याचा फलक होता. किती जगले याची ओळही नव्हती.

या बैठकीत सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बोलल्या त्या मासे विकणाऱ्या एक मावशी. त्या बैठकीला आल्या होत्या चेअरमनना निरोप द्यायला. पहिल्या वर्षीच्या रोहूंचा विषय निघाला तशा म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं पिल्लू असतं तर दिवाळीला वीतभरबी झालं नसतं. त्यो तर धरणातला मासा. वरून पान्याबरोबर आला."

सगळे गप्प झाले, कारण हिशेब सरळ होता. ऑगस्टमध्ये सोडलेलं बीज इंचभर लांबीचं. रोहू-कटला चांगल्या खाद्यावर, मोकळ्या जागेत, किलोभर व्हायला साधारण वर्ष घेतात. तीन महिन्यांत दीड किलो होणं शक्य नाही. बंधाऱ्याच्या वर एक मध्यम प्रकल्प, म्हणजे धरण, आहे. २०२० साली तो भरून सांडव्यावरून वाहिला आणि त्यातले मोठे मासे खाली आले. पुढे दारं वेळेवर बसल्यामुळे ते अडकले. २०२१ मध्ये सप्टेंबरअखेर मांजरा खोऱ्यात मोठा पूर आला, धरणांची दारं उघडावी लागली, आमच्या बंधाऱ्याची काही लोखंडी दारं वाहून गेली आणि नवी मिळून बसेपर्यंत नदीचा प्रवाह निघून गेला. साठा अर्धा, मासा त्याहून कमी. म्हणजे पहिल्या वर्षीचं यश आणि दुसऱ्या वर्षीचं अपयश, दोन्हींचा आपण सोडलेल्या बिजाशी संबंध असल्याचं कुठेच दिसत नव्हतं.

मला या प्रकरणातला हा पहिला निर्णयाचा क्षण वाटतो. इथे पुरवठादाराला दोष देऊन विषय मिटवता आला असता. गुरुजींनी तसं केलं नाही. त्यांनी फळ्यावर दोन प्रश्न लिहिले. या पाण्यात मासा कमी का आहे? आणि बीज सोडल्यानं ते कारण दूर होतं का?

कारण शोधताना

पहिल्या प्रश्नासाठी वर्षभराचं कॅलेंडर मांडलं: नदीचं, माशाचं आणि माणसाचं.

रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. ते साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणूनच पूर्वी त्यांचं बीज नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली आणि तिथून देशभर बीजकेंद्रं उभी राहिली. पण केंद्रातही प्रजनन होतं ते पावसाळ्याच्या आसपासच. म्हणजे स्वस्त बीज हातात येतं जुलै-ऑगस्टमध्ये.

आणि बंधाऱ्याची दारं बसतात ऑक्टोबरात.

हे दोन महिने शेजारी लिहिल्यावर अर्धं उत्तर मिळालं. आपण बीज सोडत होतो तेव्हा बंधारा बंधारा नव्हताच, ती उघडी नदी होती. इंचभराचं पिल्लू पुरात पाय रोवून थांबत नाही. जे थांबलं असेल त्याला खायला मरळ, शिंगाडा आणि चिलापी हे मासे. चिलापीबद्दल एक शब्द, कारण तिला इथे कुणी सोडलेलं नाही आणि ती सगळ्यांत जास्त आहे. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा विते, आणि उथळ, तापलेल्या पाण्यातही टिकते. आमच्या बंधाऱ्याची परिस्थिती तिच्यासाठीच केल्यासारखी आहे.

उरलेलं अर्धं उत्तर भोयांच्या म्हाताऱ्या माणसांनी दिलं. ऑक्टोबरपर्यंत वाचलेला मासा फेब्रुवारीत वीत-दीड वीत होतो. मग पाणी आटत जातं आणि सगळा मासा डोहात गोळा होतो. एप्रिल-मे मध्ये तिथे जाळं टाकलं की भरूनच येतं. लग्नसराईचे दिवस, हातात रोकड येते. त्यातही जे उरतं ते रात्री कुणीतरी विष टाकून किंवा विजेचा करंट सोडून काढतं. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला कायद्यानं बंदी आहे, पण मध्यरात्री डोहावर कायदा कोण सांगणार? शेवटच्या हातभर पाण्यात पहाटे प्राणवायू कमी पडतो आणि मासे तोंड वर काढून तडफडतात. म्हणजे नदीत नोव्हेंबरात किती मासे आहेत यापेक्षा मे महिन्यात डोहात किती मावतात आणि किती सुटतात, यावर पुढचं वर्ष ठरतं.

हे समजल्यावर एक लाख की दीड लाख हा प्रश्नच मागे पडला.

पर्याय

बैठकीत पाच-सहा सूचना आल्या.

एक तरुण सभासद काश्मीरला जाऊन आला होता, त्यानं ट्राउटचा विषय काढला. तिथे १९००च्या सुमारास इंग्रजांनी ट्राउट आणला, आजही परवाना काढून लोक गळ टाकतात, मग इथे का नको? तो मासा थंड, वाहत्या, प्राणवायूनं भरलेल्या पाण्याचा आहे. पाण्याचं तापमान पंचवीसच्या पुढे गेलं की त्याचा निभाव लागणं कठीण, आणि आमचा डोह मे महिन्यात तिशी ओलांडतो. विषय तिथे संपला. पण त्याच तरुणानं पुढच्या वेळी एक माहिती आणली, ती फार कामाची ठरली. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात वर्षानुवर्षं गळवाल्यांसाठी नद्यांत केंद्रात वाढवलेले ट्राउट सोडत. डिक व्हिन्सेंट या जीवशास्त्रज्ञानं मॅडिसन नदीवर आणि ओडेल ओढ्यावर मोजणी केली. जिथे मासे सोडणं थांबवलं तिथे नदीतच जन्मलेले ट्राउट वाढले, आणि जिथे नव्यानं सोडले तिथे ते कमी झाले. १९७४ मध्ये त्या राज्यानं, ज्या नद्यांत ट्राउटची स्वतःची वीण आहे त्यांत, मासे सोडणं बंद केलं.

आमच्याकडे ते जसंच्या तसं लागू होत नाही, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. मॉन्टानाच्या नदीत ट्राउट स्वतः वितात. आमच्या बंधाऱ्यात रोहू-कटला वितच नाहीत, त्यामुळे न सोडल्यास ते आपोआप वाढतील असं नाही. पण मरळ, वाम, शिंगाडा इथेच वितात, आणि त्यांच्या बाबतीत तो प्रश्न खरा आहे. दुसरं म्हणजे मोजण्याची पद्धत. एका तुकड्यात सोडा, दुसऱ्यात सोडू नका, आणि दोन्हीकडे मोजा. इतकी साधी गोष्ट आपल्याकडे मत्स्यबीज सोडण्याच्या कार्यक्रमांत जवळपास कुणी करत नाही.

बाकीचे पर्याय असे होते. पुन्हा बीजच सोडायचं, पण दुप्पट. बंधाऱ्याच्या गाळ्यांना जाळी लावायची. हा विचार पाटबंधाऱ्याच्या माणसाशी बोलताच सोडावा लागला, कारण पुरात झाडं, काडीकचरा अडकून जाळी बंद होते आणि सगळा दाब खांबांवर येतो. गळवाल्यांसाठी एखादं खाजगी शेततळं भाड्यानं घ्यायचं आणि नदीचा नादच सोडायचा. काहींना हे पटत होतं, पण भोई घरांना त्यातून काही मिळणार नव्हतं. बोटुकल्या, म्हणजे बोटभर वाढवलेली पिल्लं, मिळतात त्या विकत आणून दारं बसल्यावर सोडायच्या. एका बोटुकलीची किंमत बिजाच्या कित्येक पट, आणि आमची वर्गणी तेवढी नव्हती. आणि शेवटचा पर्याय, चेअरमननी अगदी हळू आवाजात मांडलेला: एक पैसाही बिजावर खर्च न करता तो डोह राखायचा.

फळ्यावर गुरुजींनी हिशेब मांडला. समजा हंगामात पाचशे किलो मासा हवा आणि एक मासा सरासरी अर्धा किलोचा धरला, तर हजार मासे हातात यायला हवेत. बोटुकल्यांपैकी पाचात एक हाती लागेल असं धरलं तर पाच हजार बोटुकल्या पुरतात. बिजापैकी शंभरात दोन धरले तर पन्नास हजार लागतात, आणि पुरात ते शंभरात दोनही राहणार नाहीत. ही प्रमाणं गृहीत होती, मोजलेली नव्हती. तरी लाखाच्या फलकापुढे पाच हजार हा आकडा लिहिलेला पाहून अनेकांचं मन बदललं.

काय ठरलं, आणि का

दोन गोष्टी एकत्र करायच्या ठरल्या. बीज जुलै-ऑगस्टमध्येच घ्यायचं, पण नदीत न सोडता गावातल्या शेततळ्यांत वाढवायचं आणि दारं बसल्यावर बोटुकल्या सोडायच्या. आणि गुढीपाडव्यापासून पहिल्या पुरापर्यंत डोहात कुणीही, जाळ्यानं किंवा गळानं, मासा धरायचा नाही.

पहिली गोष्ट सोपी होती. 'मागेल त्याला शेततळं' योजना २०१६ साली आल्यापासून या भागात शेततळी बरीच झाली आहेत आणि पावसाळ्यात त्यांचं पाणी नुसतं उभं असतं. दोन शेतकरी तयार झाले. त्यांची एकच शंका होती की माशांच्या घाणीनं ठिबकच्या नळ्या बुजतील. फिल्टर साफ करण्याची जबाबदारी संस्थेनं घेतली.

दुसरी गोष्ट अवघड, आणि मी तिथे जास्त थांबतो, कारण माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तोच आहे. डोह बंद करणं म्हणजे भोई घरांच्या उन्हाळ्याच्या रोकडीवर हात घालणं. गळवाल्यांसाठी तो रविवारचा छंद होता. एका बाजूचा छंद आणि दुसऱ्या बाजूची चूल एका तागडीत घालता येत नाही. एका भोई काकांनी विचारलं, "आम्ही नाही धरला तर रातच्याला दुसरा कुणी इख टाकून धरील. मग आमीच उपाशी कामून राहावं?" याला कुणाकडे उत्तर नव्हतं. तीन बैठका याच मुद्द्यावर मोडल्या.

तोडगा असा निघाला. दोन वर्षं बिजावर गेलेली बरीचशी रक्कम या वेळी वाचणार होती, कारण बीज लाखाऐवजी थोडंच लागणार होतं. ती रक्कम डोहाच्या राखणीला लावायची, आणि राखणदार भोई घरांतलेच दोन तरुण. गुढीपाडव्यापर्यंत संस्थेनं मोठ्या आसेच्या जाळ्यानं मासेमारी करायची, म्हणजे मोठा मासा हातात येईल आणि लहान सुटेल. वीतभराखालचा मासा गळाला लागला तर परत सोडायचा. मोटारींचा प्रश्न वेगळा होता. डोहावर चार मोटारी होत्या आणि त्यांच्या मालकांना माशाशी देणंघेणं नव्हतं. तिथे ग्रामसभेत माशाचं नाव न काढता गुरांचं पाणी हा मुद्दा पुढे ठेवला गेला. डोहात कंबरभर पाणी राहिलं की मोटारी बंद, असा ठराव झाला. तो मासे वाचवण्यासाठी मांडला असता तर झाला नसता, असं मला अजूनही वाटतं.

कृती

२०२२च्या जुलैअखेर बीज आणलं. पिशव्या तळ्यात अर्धा तास तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झाल्यावर तोंड उघडलं. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात तळाशी माती नसते, त्यामुळे नैसर्गिक खाद्य कमी. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा सारखा मिसळून रोज दिला. पहिल्या पंधरवड्यातच बरंच बीज गेलं. पाणकिडे, बेडूक, आणि मग खंड्या आणि पाणकावळे. काठावरून काठापर्यंत दोऱ्या ताणल्यावर पक्ष्यांचा त्रास कमी झाला. अस्तर निसरडं असतं, म्हणून प्रत्येक तळ्यात उतरायला आणि चढायला गाठी मारलेला दोर कायम बांधलेला होता. हे लिहून ठेवतो, कारण शेततळ्यात बुडण्याचे प्रकार होतात.

ऑक्टोबरात दारं बसली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे, चार-पाच हजार बोटुकल्या नदीत सोडल्या. बोटापेक्षा लांब, तुकतुकीत. त्यांपैकी हजारभर बोटुकल्यांचा पोटाखालचा डावा पर मुळापासून कापला होता. गळवाल्यांपैकी मेडिकलवाल्यानं कात्र्या आणल्या आणि भोई बायकांनी ते काम सगळ्यांपेक्षा सफाईनं केलं. असा कापलेला पर नीट उगवत नाही, उगवला तरी वाकडा येतो, त्यामुळे मासा पुढे ओळखता येतो.

काठावरच्या चहाच्या टपरीवर नोंदवही ठेवली. तारीख, किती वेळ बसलात, कोणता मासा, किती लांब, खूण आहे का. मोजायला टपरीच्या खांबावर खुणा केलेली पट्टी. सुरुवातीला काही मंडळी फक्त मासा लागला तरच लिहीत. रिकाम्या हातानं गेलेला रविवारही तितकाच महत्त्वाचा आहे, हे पटवायला पूर्ण हिवाळा गेला.

२०२४चा उन्हाळा

२०२३चा उन्हाळा ठीक गेला. राखण झाली, एका रात्री विष टाकायला आलेल्यांना पोरांनी परत पाठवलं. पण २०२३चा पावसाळा फसला. देशात तो ऑगस्ट १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नदी एकदाच वाहिली, तीही अर्धी. दारं सप्टेंबरातच बसवली तरी साठा निम्माच झाला, आणि दुसऱ्या वर्षीच्या बोटुकल्या सोडायच्या की नाहीत हा निर्णय करावा लागला. गळवाल्यांना सोडायच्या होत्या, कारण त्या वाढवून तयार होत्या. चेअरमन म्हणाले, पाणीच नाही तर कशासाठी? शेवटी निम्म्या सोडल्या, निम्म्या तळेमालकांनी खाण्यासाठी वाढवल्या. मला चेअरमनचं म्हणणं जास्त बरोबर वाटत होतं.

एप्रिल २०२४ मध्ये टँकर सुरू झाले. ग्रामसभेचा ठराव पंधरा दिवस टिकला. ज्याचा ऊस डोळ्यांदेखत वाळतो त्याला कंबरभर पाण्यापाशी मोटार बंद करायला सांगणं सोपं नाही, आणि कुणी भांडलंही नाही. मेच्या सुरुवातीला डोहात गुडघाभर पाणी राहिलं आणि पहाटे मासे तोंड वर काढू लागले.

दोनच मार्ग होते. बंदी पाळून सगळा मासा मरू द्यायचा, किंवा बंदी मोडून काढायचा. राखणदार पोरांनीच सुचवलं की मोठा रोहू-कटला संस्थेनं काढून विकावा आणि मरळ, शिंगाडा, वाम यांतले चांगले मासे शेजारच्या एका मोठ्या विहिरीत हलवावेत, कारण विकत आणता येत नाहीत ते हेच. तसंच केलं. ओल्या गोणपाटात आणि ड्रममध्ये शे-दीडशे मासे नेले. काही विहिरीत मेले, बरेच जगले. जूनच्या अखेरीस नदीत डबकी भरली तेव्हा परत सोडले. विक्रीचे पैसे भोई घरांत वाटले गेले आणि त्या वर्षी राखणीचा बाकी राहिलेला पगारही त्यातूनच दिला.

निष्पत्ती

नोंदवहीतून दिसलं ते असं. २०२३च्या होळीपर्यंत खुणेचे मासे तुरळक, वीतभराचे. त्याच वर्षी दिवाळीनंतर आणि २०२४च्या फेब्रुवारीपर्यंत गळाला लागलेल्या रोहू-मृगळांत खुणेचे मासे नियमित होते, अर्धा ते पाऊण किलोचे. कटला गळाला फारसा लागतच नाही, तो जाळ्यात दिसला. डोह काढला तेव्हाही खुणेचे मासे निघाले. म्हणजे नोव्हेंबरात सोडलेल्या बोटुकल्यांनी एक उन्हाळा काढला, ही गोष्ट नक्की. ज्या बिजावर आधी दोन वर्षं खर्च झाला त्याच्याबद्दल असं एकही विधान करता येत नाही.

मात्र यावरून बोटुकल्या बिजाच्या किती पट बऱ्या, हे सांगता येणार नाही. इंचभराच्या बिजाला पर कापून खूण करता येत नाही, आणि दोन्ही एकाच वर्षी सोडून पाहिलेलं नाही. २०२२ला पूर वेगळा, २०२१ला वेगळा. शिवाय मासा वाचला तो लांबीमुळे, उशिरा सोडल्यामुळे, की डोह राखल्यामुळे? तिन्ही एकाच वर्षी केलं, त्यामुळे वाटा वेगळे काढता येत नाहीत. माझा अंदाज डोहाच्या बाजूनं आहे. त्याला एक आधार आहे: ज्यांना कुणी सोडलं नव्हतं ते मरळ आणि शिंगाडाही २०२३मध्ये आधीपेक्षा जास्त नोंदले गेले. पण आधीच्या वर्षांची नोंदवही नाही, फक्त आठवण आहे, म्हणून तो अंदाजच राहतो.

पैशाच्या बाजूनं पाहिलं तर वर्गणी २०२१इतकीच राहिली, पण आता तिचा मोठा भाग गावातल्याच दोन घरांत पगार म्हणून जातो. गळवाल्यांपैकी सहा-सात जणांनी वर्गणी बंद केली. मासे सोडण्याचा कार्यक्रम राहिला नाही याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांची भावना मी खोटी मानत नाही. पिशवीतून पिल्लं पाण्यात जाताना पाहणं हा आनंदच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

खूण पहिल्याच वर्षी करायला हवी होती, बिजाला नाही तर निदान विकत घेतलेल्या शे-दोनशे बोटुकल्यांना. तेवढ्यानं धरणातून आलेला मासा आणि आपला मासा वेगळा ओळखता आला असता आणि दुसऱ्या वर्षीचे दीड लाख सोडण्याआधीच प्रश्न उभा राहिला असता. एक वर्ष मुद्दाम काहीच न सोडता नोंद घ्यायची सूचना मी दोनदा मांडली. ठेक्याच्या अटीत ठरावीक संचयन करणं, म्हणजे मासे सोडणं, बंधनकारक असल्यानं ती मान्य झाली नाही. अट बोटुकल्यांच्या संख्येची आहे, जगलेल्या माशांची नाही. ती बदलण्यासाठी संस्थेनं अर्ज केला आहे, पण लेखी उत्तर यायचं आहे.

मासे विकणाऱ्या बायकांना सुरुवातीपासून नोंदीत घ्यायला हवं होतं. रोज कुठला मासा, केवढा, कुठून आला, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं, आणि टपरीवरच्या वहीत त्यांचा हात उशिरा लागला. मोटारींचा ठराव करताना दुष्काळी वर्षासाठी वेगळं कलम हवं होतं: पाणी अमुक पातळीच्या खाली जाईल असं मार्चमध्येच दिसलं तर मोठा मासा लगेच काढायचा आणि मरळ-शिंगाडा हलवायचा, मे उजाडायची वाट पाहायची नाही. २०२५पासून ते कलम लिहिलेलं आहे आणि पातळीची खूण डोहाकाठच्या खडकावर रंगवली आहे.

कोणते मासे सोडायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. रोहू-कटला-मृगळ यांचं बीज मिळतं म्हणून तेच सोडलं जातं. मरळीचं बीज या भागात सहज मिळत नाही आणि महाग पडतं, पण ती इथे वितेसुद्धा. एकदा टिकली तर दरवर्षी वर्गणी काढावी लागणार नाही. संस्थेतल्या दोन घरांनी विहिरीतल्या त्या मरळींपैकी काही जोड्या शेततळ्याच्या कडेला मातीच्या खड्ड्यात ठेवून पाहायचं ठरवलं आहे. त्यासाठी या वर्षीच्या वर्गणीतला चौथा हिस्सा बाजूला काढला आहे, आणि नोंदवहीत त्यांचा वेगळा रकाना सुरू झाला आहे.